शिरपूर, समृद्धी आणि दोन मोटारी

वाशिम जिल्ह्यात मोटारीने एक दिवस हिंडले, तर चार तऱ्हेचे रस्ते चाकाखालून जातात. अकोल्याहून पातूरचा घाट ओलांडून मेडशी-मालेगावमार्गे वाशिमला येणारा आणि पुढे हिंगोली-नांदेडकडे निघणारा राष्ट्रीय महामार्ग हा पहिला. मालेगावहून शिरपूर जैनवरून रिसोडकडे जाणारा, शेतांच्या बांधांना खेटून वळणारा रस्ता हा दुसरा. कारंजा, मंगरूळपीर आणि वाशिम या तीन बाजारपेठांना जोडणारा, मालमोटारी, ट्रॅक्टर आणि एस.टी. यांनी सदैव गजबजलेला तिसरा. आणि या सर्वांना न जुमानता, पट्टीने रेघ ओढावी तसा गेलेला समृद्धी महामार्ग हा चौथा. एकेकाळी वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी असलेले हे नगर १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळे निघालेल्या जिल्ह्याचे मुख्यालय झाले. जिल्ह्यात तालुके सहा. वाहन नोंदणीचा क्रमांक ‘एमएच ३७’.

या चारही रस्त्यांखालची माती बहुतांशी एकच आहे, आणि मोटार घेणाऱ्याने तिचा स्वभाव आधी ओळखावा. सोयाबीन, तूर आणि कपाशी पोसणारी ही काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचे डांबर कितीही चांगले असले, तरी खालची जमीन दरवर्षी वरखाली होत राहिल्याने रस्त्यावर लाटा उठतात. खड्डा दुरून दिसतो, लाट दिसत नाही. ताशी ७० किलोमीटरच्या वेगात ती प्रथम पाठीच्या मणक्याला कळते, मग डोळ्यांना. पुण्या-मुंबईच्या गुळगुळीत रस्त्यांवर चालवून लिहिलेली परीक्षणे वाचून येथे मोटार निवडणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवून घेणे होय.

सोयाबीनचा हंगाम आटोपलेला आणि नवी तूर बाजारात यायची आहे, अशा मार्गशीर्षातील दिवसांत अडत दुकानांच्या गादीवर मोटारीचा विषय हमखास निघतो. वाशिमच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांपासून धान्याची अडत चालविणाऱ्या एका जैन कुटुंबातही तो निघाला. घरात माणसे पाच: ७७ वर्षांच्या आजी, दुकान सांभाळणारा त्यांचा मुलगा, सूनबाई, नुकताच वडिलांच्या हाताखाली दुकानात बसू लागलेला नातू, आणि नऊ वर्षांची नात. म्हणजे पाच आसनांच्या मोटारीत एकही जागा रिकामी राहणार नाही, हे पहिल्यापासून ठरलेले.

जुनी मोटार बदलण्याचे कारण मात्र हौस नव्हते. दोन वर्षांपूर्वी कारंज्याहून परतताना, सोहळच्या काळवीट अभयारण्याच्या बाजूला संध्याकाळी एक रोही अचानक रस्त्यावर आला. चालकाने करकचून ब्रेक दाबला; रोही वाचला, मोटारीला ओरखडाही आला नाही. पण मागे बसलेल्या आजी पुढच्या आसनावर आदळल्या आणि त्यांच्या खांद्याचे हाड मोडले. मागच्या आसनाचे पट्टे मोटारीत होते. मात्र त्यांची खटकी खोळीखाली दबलेली होती आणि ती वर काढावी असे इतक्या वर्षांत कोणाला सुचले नव्हते. तीन महिने हात गळ्यात बांधून काढलेल्या आजी त्यावर एकच वाक्य बोलतात, ‘‘प्राणी वाचला ना, मग झालं.’’ मुलाला मात्र ते वाक्य ऐकवत नाही.

बऱ्याच चाळणीनंतर यादीत दोन नावे उरली: मारुती सुझुकीची ब्रेझा आणि टाटांची नेक्सॉन. दोन्ही चार मीटरच्या आतल्या. दोघींची लांबी अगदी सारखी, ३९९५ मिलिमीटर. ब्रेझा २०१६ साली बाजारात आली व २०२२ मध्ये तिची नवी पिढी अवतरली. नेक्सॉन २०१७ ची. पुण्याजवळ रांजणगावला तयार होते आणि २०२३ मध्ये तिचे रूप बरेच बदलले. बाहेरून मोजमाप सारखे दिसले, तरी आतले गणित अगदी वेगळे आहे, आणि व्यापारी घराला ते कराच्या बाजूने सर्वांत लवकर उमगते.

चार मीटरच्या आतली आणि १२०० घनसेंटीमीटरपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची मोटार ही सरकारच्या लेखी ‘लहान’. नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन ११९९ घनसेंटीमीटरचे, म्हणजे मर्यादेच्या अवघे एका घराने आत. ब्रेझाचे १४६२ चे, म्हणजे मर्यादेबाहेर. लांबी बसते, इंजिन बसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी पहिलीवर उपकरासह २९ टक्के जीएसटी होता, दुसरीवर ४५ टक्के. त्या तारखेपासून ते दर अनुक्रमे १८ आणि ४० टक्के झाले. दोन्हींचा करपूर्व दर ८ लाख धरला, तर पूर्वी एक १० लाख ३२ हजारांना आणि दुसरी ११ लाख ६० हजारांना पडली असती. आता एक ९ लाख ४४ हजारांना, दुसरी ११ लाख २० हजारांना. प्रत्यक्षात दोन्ही कंपन्यांच्या मधल्या प्रकारांचे दरपत्रक जवळपास एकाच पातळीवर येते. मग १० लाखांच्या दरात एकीकडे कर १ लाख ५२ हजार ५४२ रुपये असतो आणि दुसरीकडे २ लाख ८५ हजार ७१४. नातवाने हा हिशेब मांडला तेव्हा वडील क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, ‘‘कर कोणाला किती गेला ते सरकार आणि कंपनी पाहतील. माझ्या हातात काय आलं ते सांग.’’ हा प्रश्न रास्त होता.

हातात काय येते हे शोरूममधल्या पंधरा मिनिटांच्या फेरीत समजत नाही. विक्रेता शेजारी बसलेला, वातानुकूलन पूर्ण वेगात, रस्ता त्यानेच निवडलेला आणि मागची आसने रिकामी. या कुटुंबाने केले ते अधिक शहाणपणाचे. रिसोडच्या साडभावाकडे तीन वर्षे वापरलेली ब्रेझा होती, कारंज्याच्या भाच्याकडे दीड वर्षाची नेक्सॉन. दोन सलग रविवारी दोन्ही मागून घेतल्या. तीच पाच माणसे, तेच सामान, तोच रस्ता. निघताना एकाच पंपावर टाकी भरायची आणि परतल्यावर त्याच नळीवर पुन्हा भरायची. मार्ग ठरला तो असा: वाशिमहून मालेगाव, तेथून शिरपूरला दर्शन, परत मालेगावला येऊन समृद्धीवर चढायचे, कारंज्याला उतरायचे, आणि मंगरूळपीरमार्गे सूर्यास्तापूर्वी घरी. संध्याकाळचे जेवण दिवस असतानाच होणाऱ्या घरात प्रवासाची परतीची वेळ पंचांगच ठरवून देते, आणि रोही-काळविटांच्या या मुलखात ते पथ्य मोटारीलाही मानवते.

पहिला रविवार ब्रेझाचा. आजींनी मागचे दार उघडले, पाय आत टाकला आणि मान न वाकवता बसल्या. ब्रेझाची उंची १६८५ मिलिमीटर, नेक्सॉनची १६२०. कागदावर ६५ मिलिमीटर म्हणजे चार बोटे, पण म्हाताऱ्या माणसाच्या मानेला ती चार बोटे पुरतात. ‘‘ही गाडी आपल्या उंबऱ्यासारखी आहे रे,’’ आजी म्हणाल्या. काचा मोठ्या, छप्पर सपाट, चालक उंचावर. क्लच इतका हलका, की वाशिमच्या गर्दीत पाटणी चौक ओलांडतानाही पायाला ताण जाणवला नाही. चार सिलिंडरचे इंजिन उभ्या मोटारीत चालू आहे की बंद, ते कळत नव्हते.

मालेगावच्या अलीकडे, सकाळच्या कोवळ्या उन्हात, रस्त्याच्या कडेने विहार करीत चाललेला साध्वींचा एक लहान संघ भेटला. चातुर्मास संपला की या रस्त्यांवर असे पादविहारी दिसू लागतात. पहाटेच्या धुक्यात पांढरी वस्त्रे चटकन नजरेत येत नाहीत, आणि पायी चालणाऱ्या साधू-साध्वींना भरधाव वाहनांनी धडक दिल्याच्या दुःखद वार्ता समाजाला नव्या नाहीत. मोटार पुरेशी मागे बाजूला घेऊन सर्व जण उतरले, वंदना झाली, संघ पुढे गेला. त्यानंतर मालेगावपर्यंत मोटारीत कोणी वेगाविषयी बोलले नाही.

मालेगाव-रिसोड रस्त्यावर काळ्या मातीच्या लाटा सुरू झाल्या. ब्रेझा हळू चालली तोवर ठीक. वेग वाढला की मागच्या आसनावर उसळी जाणवे. सूनबाईंनी दोनदा ‘‘जरा बेतानं’’ म्हटले. शिरपूर आले. गावातल्या अरुंद गल्ल्यांतून मोटार वळविताना तिचा हलका सुकाणू उपयोगी पडला. अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन आणि गावाबाहेरच्या जुन्या पाषाणी पवळी मंदिराची प्रदक्षिणा, यात सकाळ कशी सरली ते कळले नाही. पवळीच्या कोरीव दगडाला उन्हे लागतात, तेव्हा तेथून लवकर निघणे कोणालाच जमत नाही, आणि जमू नयेही.

समृद्धीची गोष्ट वेगळी. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ५ जून २०२५ रोजी शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. वाशिम जिल्ह्यात मालेगाव, शेलूबाजार आणि कारंजा येथून त्यावर चढता-उतरता येते. सपाटीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि १ एप्रिल २०२५ पासून किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे पथकर. व्यापाऱ्याला वेळेची किंमत कळते, त्यामुळे नागपूरचे काम आटोपून दुपारच्या जेवणाला घरी येणे शक्य झाल्याचे कौतुक येथे घरोघरी आहे. पण हा रस्ता काँक्रीटचा, सरळ आणि एकसुरी आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर सतत शंभराच्या पुढे धावणाऱ्या टायरमधली हवा गरम होऊन दाब वाढतो. टायर जुना किंवा कमी हवेचा असेल तर त्याच्या बाजू लवून तो आतून तापतो आणि फुटतो. एकसारख्या रस्त्याने चालकाच्या डोळ्यांवर झापड येते ती निराळीच. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. वाशिमपासून ते ठिकाण फार दूर नाही.

ब्रेझा समृद्धीवर शांतपणे धावली. ताशी ९०-१०० पर्यंत तिच्यासारखी निवांत सोबत नाही. मालमोटारीला ओलांडताना मात्र गिअर एक खाली आणावा लागे; पाच माणसे आणि सामान घेऊन १३७ न्यूटन-मीटरचे ओढबळ थोडे विचार करून कामाला लागते. वडिलांना यात काहीच गैर वाटले नाही. त्यांच्या मते ज्याला घाई आहे त्याने आदल्या दिवशी निघावे.

दुपारी कारंजा. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची मंदिरे एका गावात सांभाळणारे, हस्तलिखित ग्रंथभांडारांमुळे अभ्यासकांना ओढून घेणारे आणि १९१८ पासून गुरुकुल चालविणारे हे गाव एकेकाळी बाजारपेठ म्हणूनही मोठे होते. कापसासाठी घातलेली ‘शकुंतला’ची अरुंद रूळवाट याच गावावरून जात असे. कारंज्याच्या एका श्रीमंत जैन व्यापाऱ्याची कथा येथे अजून सांगतात. उंटांवर कस्तुरी लादून आलेल्या सौदागराने ‘‘एवढा माल घेणारा या गावात कोण?’’ असे विचारले, तेव्हा त्याने सगळी कस्तुरी एका बोलीत विकत घेतली आणि बांधकामाच्या चुन्यात कालवून टाकली. कथा खरी-खोटी काहीही असो, खरेदीची ती तऱ्हा ऐकायला रम्य असली तरी मोटारीच्या बाबतीत अनुकरणीय नाही. शोरूममध्ये ‘‘वरचा प्रकार घ्या शेठ, तुम्हाला तोच शोभेल’’ असे म्हणणारा विक्रेता त्या सौदागराचाच वंशज समजावा. भाच्याच्या घरी जेवताना वडिलांनी हीच कथा सांगितली, आणि नातवाने उघडे छत असलेल्या वरच्या प्रकाराचा विषय पुन्हा काढला नाही.

दुसरा रविवार नेक्सॉनचा. सुरुवातच अडखळत झाली. मागचे दार उघडल्यावर छताची कमान मागे उतरती असल्यामुळे आजींना मान वाकवून, खांदा तिरका करून आत जावे लागले. नेमका तोच दुखरा खांदा. तीन सिलिंडरच्या इंजिनाची थरथर चौकात उभे असताना तळव्यांना जाणवत होती. क्लच जरा जड. गर्दीत, कमी फेऱ्यांवर, इंजिन आधी आढेवेढे घेते आणि मग एकदम ओढते. वडिलांचा चेहरा पाहून नातवाने मालेगावपर्यंत तोंडातून अवाक्षर काढले नाही.

मालेगाव मागे पडल्यावर मात्र चित्र पालटले. ज्या लाटांवर आदल्या रविवारी दोनदा ‘‘बेतानं’’ ऐकावे लागले होते, त्या लाटा त्याच वेगात आल्या आणि गेल्या. मोटार बुडाली, सावरली आणि पुढे निघाली. मागच्या आसनावर नात झोपली होती ती जागी झाली नाही. जमिनीपासूनची उंची एकीची २०८, दुसरीची १९८ मिलिमीटर सांगतात, पण फरक त्या सेंटीमीटरचा नाही, तो धक्के गिळण्याच्या क्षमतेचा आहे. शिरपूरहून सामान वाढले. मंदिरासाठी आणलेली चौरंगांची जोडी आणि रिसोडहून घेतलेली डाळीची पोती डिक्कीत मावली. येथे ३८२ लिटरची जागा, तेथे ३२८. समृद्धीवर १७० न्यूटन-मीटरच्या ओढीमुळे मालमोटार ओलांडायला गिअर उतरवावा लागला नाही, आणि ओलांडण्यात जेवढा वेळ कमी जातो तेवढा धोकाही कमी, हे वडिलांनी स्वतः चालवायला घेतल्यावर मान्य केले.

आता राहिला तो कागद, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता. मोटार विशिष्ट वेगाने अडथळ्यावर आदळवून आतल्या माणसांचे काय होते हे मोजणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०१८ च्या डिसेंबरमध्ये पाच तारे मिळविणारी भारतात तयार झालेली पहिली मोटार नेक्सॉन होती. निकष कडक झाल्यानंतर २०२४ मध्ये तिने तेच पाच तारे पुन्हा मिळविले, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या आपल्या भारत एनकॅपमध्येही. त्याच २०१८ साली ब्रेझाला चार तारे मिळाले होते, तेही वाईट नव्हेत. परंतु ते आधीच्या पिढीच्या मोटारीचे आहेत. २०२२ पासूनची ब्रेझा ही नव्या बांधणीची मोटार, तिच्या खात्यावर जुन्या मोटारीची पुंजी जमा धरता येत नाही. बँकेत वडिलांच्या पतीवर मुलाला कर्ज देत नाहीत, तसेच हे. सहा एअरबॅग आता दोन्हींत मिळतात, तीन बिंदूंचे पट्टेही. पण एअरबॅग हा पट्ट्याचा जोडीदार आहे. पट्टा न बांधता तिच्यावर विसंबणे व्यर्थ. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या आसनावर पट्ट्याविना होते. मोटार कितीही महाग असो, मागे बसलेल्याला ती वेगळा न्याय लावत नाही.

परतल्यावर दोन्ही पावत्या समोर ठेवल्या. ब्रेझाने लिटरमागे साधारण दोन किलोमीटर अधिक दिले होते. वर्षाला १५,००० किलोमीटर धावणाऱ्या या घराला १६ ऐवजी १४ ची मोटार घेतली, तर वर्षाला सुमारे १३४ लिटर पेट्रोल जास्त लागेल. १०५ रुपये दराने १४ हजार रुपये. हा आकडा लहान नाही. पण त्याच घरात कर्जाची मुदत पाच वर्षे की सात, यावर पाच मिनिटेही चर्चा झाली नव्हती. ९ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता १८,६८३ रुपयांच्या आसपास आणि एकूण व्याज २ लाख २१ हजार. सात वर्षांसाठी हप्ता १४,४८० पर्यंत खाली येतो, व्याज मात्र ३ लाख १६ हजारांवर जाते. हप्ता हलका दिसतो म्हणून मुदत वाढविणारा ग्राहक ९५ हजार रुपये न मोजता देतो आणि मग पेट्रोलच्या पंपावर दोन किलोमीटरसाठी हळहळतो. हे दृश्य बँकांच्या काउंटरवर रोजचे आहे.

व्यवसायात वापरल्या जाणाऱ्या मोटारीबाबत आणखी दोन गोष्टी. मालवाहू वाहनावरच्या जीएसटीची वजावट नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिळते, पण घरच्या प्रवासी मोटारीवर ती सामान्यतः मिळत नाही. ‘‘बिल फर्मच्या नावावर घ्या, जीएसटी परत मिळेल’’ हा सल्ला चुकीचा आहे. आयकरात मोटारीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, घरगुती वापराचा हिस्सा वगळून. मात्र मोटार त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली, तर पहिल्या वर्षी निम्माच. दिवाळी पाडव्याला घेतलेली मोटार नेहमी या निम्म्यात सापडते. वडिलांनी त्यामुळे १ एप्रिलपर्यंत थांबण्याचा विचार बोलून दाखविला. १२ लाखांच्या मोटारीवर हा फरक ९० हजारांच्या खर्चाचा. पण तो खर्च बुडत नाही, शिल्लक किंमतीत राहून पुढच्या वर्षांकडे सरकतो. तेवढ्यासाठी चार महिने जुन्या मोटारीत आईला बसवायचे का, असे सूनबाईंनी विचारले. विषय तेथेच मिटला.

शोरूममध्ये दरपत्रक घेताना या घराने एक प्रश्न असा विचारला, जो जैन ग्राहकांखेरीज फारसे कोणी विचारत नसावे: सुकाणूचे आणि आसनांचे आवरण कशाचे? माहितीपत्रकांत ‘लेदर’ हा शब्द सैलपणे वापरतात; कधी तो खऱ्या कातड्यासाठी असतो, कधी कृत्रिम आवरणासाठी. उत्तर लेखी मागितले आणि कापडी आसनांचा मधला प्रकार पसंत केला. वरच्या प्रकाराचे उघडे छत आणि मोठा पडदा त्याबरोबर आपोआप गळाले. डिझेलचा विचार झाला आणि सोडला. बाजारपेठ ते घर अशा छोट्या फेऱ्या ज्या मोटारीच्या नशिबी जास्त, तिच्या धूर गाळणाऱ्या जाळीला त्या सोसत नाहीत. सीएनजीच्या ब्रेझाचा पर्यायही होता, पण टाकीने डिक्की अडविल्यावर शिरपूरचे चौरंग कोठे ठेवायचे?

नेक्सॉन ठरली, तरी आजींच्या मानेचा प्रश्न उरलाच होता. तो नातीने सोडविला. ‘‘आजी, तू पुढं बस ना, पुढचं दार मोठं आहे.’’ खरोखरच पुढचे दार अधिक उंच उघडते, आसन मागे सरकवून खाली-वर करता येते, आणि त्या पट्ट्याला धक्क्याच्या क्षणी स्वतःहून आवळून घेण्याची योजना आहे. आजपर्यंत पुढची डावी जागा कर्त्या पुरुषाची, हा घराचा अलिखित नियम होता. तो कोणी केला हे आठवत नसल्यामुळे मोडायलाही कोणाची हरकत आली नाही. वडील मागे गेले. मध्ये नात, तिच्याखाली उंची वाढविणारी उशी, म्हणजे पट्टा गळ्यावर न येता खांद्यावरून जावा. चौदा वर्षांखालच्या मुलांना असे बांधून नेणे आता कायद्यानेही बंधनकारक आहे.

मोटार वाशिमला आल्यावर नेहमीप्रमाणे खोळी शिवायला दिल्या. शिवणाऱ्याने मागच्या तिन्ही खटक्या झाकून टाकणारा अखंड पन्हा मापला होता. नातवाने तो कापायला लावला आणि खटक्यांच्या जागी तीन काजे घालून घेतली. वडिलांना मागे बसून पट्टा लावायची सवय नव्हती. पहिल्या दिवशी खटकी सापडेपर्यंत सर्व जण थांबून राहिले, आणि आजींनी पुढून मान वळवून विचारले, ‘‘लागला का रे?’’